चतुर्भुजाची बशी

३ मार्च

प्रिय घुम्या,

अनेक आशीर्वाद. तुझं मागचं पत्र येऊन दीड महिना झाला. त्यात सात ओळी होत्या आणि त्यातल्या दोन हवामानावर. तुझं नाव घुम्या ठेवलं तेव्हा तू चार वर्षांचा होतास. आता चौतिशीत तरी त्या नावाला जागणं सोड.

तुला एक गंमत कळवायची आहे. दिवसभर मी साप्ताहिकाच्या कचेरीत लोकांच्या चुका शोधते आणि गुरुवारी संध्याकाळी स्वतःच्या लिहायला बसते, हे तुला माहीतच आहे. माझ्या ‘खटारा नंबर नऊ’ या अंतराळयानाच्या मालिकेत महिन्यापूर्वी जागा भरायची होती. यान नेहमीप्रमाणे बिघडलेलं, आणि मंडळींना बसवायचं कुठे? म्हणून दोन ग्रहांच्या मधोमध एक ‘अधांतरी बार’ टांगला आणि त्यात एक बारवाला उभा केला. त्याला चार हात. नाव अर्थातच चतुर्भुज. (तू काही चतुर्भुज होत नाहीस, निदान माझं पात्र तरी होऊ दे म्हटलं.) एक हात ओततो, एक पुसतो, एक गिऱ्हाइकाची रडकथा ऐकताना हनुवटीखाली असतो. आणि चौथा काय करतो सांग? गिऱ्हाईक उठून कुठे गेलं की त्याच्या ग्लासावर बशी झाकतो! हुबेहूब तू. तुझ्या जुन्या बारवर मी एकदाच आले होते, पण ती बशी माझ्या डोक्यात बसली होती.

त्याला एका भागात मिळून एक वाक्य असतं: “ग्रह फुटला तरी चालेल, ग्लास फुटता कामा नये.” पण लोकांनी त्याला डोक्यावर घेतलंय. आठवड्याला दहा-बारा पत्रं त्याच्या एकट्याच्या नावाने येतात. यानाचा कप्तान बिचारा कोपऱ्यात पडलाय. सोबत दोन कात्रणं पाठवते आहे, वाचून हस.

आई विचारते की तू ती नोकरी अशी तडकाफडकी का सोडलीस. तुझी कपड्यांची पेटीसुद्धा तिथेच राहिली म्हणे. मी सांगितलं, मोठ्या शहरात बढती मिळाली. खरं आहे ना?

तुझी,
ताई


९ मार्च

ताई, नमस्कार.

कात्रणं मिळाली. छान आहेत. एक काम कर. ती बशी काढून टाक. त्याला दुसरं काहीही दे. शिट्टी वाजवू दे, नाचू दे, पण बशी नको. आणि चतुर्भुज कोणावरून घेतला हे कोणालाही सांगू नकोस. संपादकांनाही नाही आणि शेजारणीला तर मुळीच नाही.

रागावू नकोस. कारण विचारू नकोस.

मी बरा आहे. हे हॉटेल स्टेशनसमोर आहे आणि बार तळघरात. रस्त्यावरून खाली यायला सोळा पायऱ्या. उतरणाऱ्या माणसाचे काउंटरवरून आधी बूट दिसतात, मग गुडघे, मग हात, आणि तोंड सगळ्यात शेवटी. ते तोंड दिसेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो. दिवसातून साठ-सत्तर वेळा असं होतं. आचारी म्हणतो, तुम्हाला दम्याचा त्रास आहे, औषध घ्या.

पाकिटावर माझं नाव मोठं लिहू नकोस. आईला सांग, बढती खरी आहे.

घुम्या


१६ मार्च

प्रिय घुम्या,

काय रे हे! मी तुला हसवायला कात्रणं पाठवली आणि तू मला फर्मान पाठवलंस. एवढं काय त्या बशीत? पुढचे दोन भाग छपाईसाठी जुळवून तयार आहेत, आणि संपादक म्हणतात, बशी गेली तर निम्मे वाचक जातील. चांगल्या सवयीची कसली लाज?

आणि आता ऐक. तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी मी एक उद्योग करून बसले आहे. चतुर्भुजाच्या पत्रांत एक पत्र अगदी वेगळं आलं. लिहिलंय की, ग्लासावर बशी झाकणाऱ्या एका खऱ्या बारवाल्याविषयी पूर्वी पुष्कळ ऐकलं आहे. तो तोच असेल तर कृपा करून पत्ता कळवा, त्याला एकदा भेटायची फार इच्छा आहे. काय ते अक्षर! काय ती भाषा! मी म्हटलं, माणूस शितावरून कळतो. तुझा पत्ता लगेच कळवून टाकला. उलट टपाली उत्तर आलं की येत्या शनिवारी दुपारी तुझ्या बारवर येणं होईल.

कोण, काय, ते मी सांगणार नाही. पाहुणे येतील तेव्हा कळेल. स्वच्छ सदरा घाल, दाढी कर, आणि एका वाक्याला निदान दोन वाक्यांनी उत्तर दे. पुढे जन्मभर माझे आभार मानशील.

ताई


२२ मार्च

ताई,

हे पत्र त्या हॉटेलातून लिहिलेलं नाही. मी ते सोडलं. तुझं पत्र हातात पडलं त्याच दिवशी सोडलं. पत्ता खाली देतोय, शिंप्याच्या दुकानाच्या वरची खोली आहे. हा पत्ता पाठ कर आणि कागद जाळ.

तुझी चूक नाही. मीच सांगायला हवं होतं. आता सांगतो.

जुन्या बारवर एक मोजणीदार रोज दुपारी तीनला यायचे. जमिनींची मोजणी करणारे, साठीचे, सरळ गृहस्थ. एकच ग्लास घ्यायचे आणि तोही तासभर पुरवायचे. मध्ये हात धुवायला उठायचे. मी बशी झाकायचो. उघड्या ग्लासात काहीही पडू शकतं, माशी पडते, राख पडते, हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं.

एका ठेकेदाराला त्यांच्याकडून कुठल्याशा नकाशावर सही हवी होती. ते देत नव्हते. तो ठेकेदार आमच्या मालकांचा दोस्त. त्या दिवशी तो त्यांच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसला, गोड गोड बोलला. मोजणीदार हात धुवायला उठले. मी बशी ठेवली. ठेकेदार हसून म्हणाला, “काढ ती. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?” मी मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, “काढ रे. पाहुण्यांचा अपमान करतोस?”

मी काढली, ताई. माझ्या या हाताने काढली.

मग पाठ करून ग्लास पुसायला लागलो. पण काउंटरमागे सगळा आरसाच होता. त्यात दिसलं. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली, ग्लासात झाडली आणि बोटाने ढवळलं. मोजणीदार परत आले, बसले. मला नुसतं कोपराने धक्का द्यायचा होता. ग्लास सांडला असता, दोन शिव्या खाल्ल्या असत्या, संपलं असतं. माझं कोपर हललं नाही. माझी पाचावर धारण बसली होती.

ते प्यायले. थोड्या वेळाने त्यांना घाम फुटला. मी डॉक्टरला आणायला धावलो. परत आलो तोवर सगळं संपलं होतं. सगळे म्हणाले, हृदय बंद पडलं, वयच होतं. ठेकेदार अंत्ययात्रेत पुढे होता.

आठवड्याने तो आला, त्याच स्टुलावर बसला, आणि आरशात माझ्याकडे बघत म्हणाला, “तुझी नजर चांगली आहे रे. पाठ केलेली असली तरी तुला दिसतं.” दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने मी निघालो. पेटी घ्यायलाही थांबलो नाही.

आणि आता तुझे पाहुणे. जुन्या बारवरची बशी ओळखणारा, मला भेटायची फार इच्छा असणारा दुसरा कोण असणार? काल शनिवारी मला राहवलं नाही. रस्त्यापलीकडे बसच्या थांब्यावर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून उभा राहिलो. दुपारभर खाली उतरणारे मोजत होतो. दोन फिरते विक्रेते. बँकेचा पहारेकरी. छत्री घेतलेली एक बाई. स्टेशनवरचे दोन हमाल. ठेकेदार आला नाही. म्हणजे त्याने दुसऱ्या कोणाला तरी पाठवलं, ज्याचं तोंड मला माहीत नाही. हे जास्त वाईट आहे. आता मला प्रत्येकाचीच भीती वाटते. खालचा शिंपी माप घ्यायला फीत उचलतो तरी मी दाराकडे सरकतो.

पत्रावर सही काय होती? अक्षर कसं होतं? लगेच कळव.

घुम्या


३० मार्च

माझ्या घुम्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्यानेच वाचलं. मग सांगितल्याप्रमाणे जाळलं.

आधी माझा गुन्हा सांगते. पत्र ठेकेदाराचं नव्हतं. ते एका बाईचं होतं. शाळेत शिकवणारी, खाली नुसतं ‘एक शिक्षिका’ लिहिलेलं, मोत्यासारखं अक्षर. मला वाटलं, हिला आपल्या घुम्याविषयी कुठून तरी कळलंय आणि हिला तो आवडलाय. स्थळ चालून आलंय, आणि घुम्याला सांगितलं तर तो बिळात शिरेल, म्हणून लपवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. छत्री घेतलेली बाई पाहिलीस ना? तीच.

आणि ती गुरुवारी माझ्याकडे आली. मी तोवर तुझं पत्र वाचलेलं होतं. ती दारात उभी राहून म्हणाली, “मी मोजणीदारांची मुलगी,” आणि माझ्या हातातलं भांडं खाली पडलं.

तिचं सगळं सांगते. शेवटच्या महिन्यात तिचे वडील घाबरलेले होते. ती म्हणायची, बाबा, तो ठेकेदार मागे लागलाय, बारवर जाऊ नका. त्यावर ते हसून म्हणायचे, “तिथे मला काही होत नाही. तिथे माझ्या ग्लासावर बशी झाकणारा माणूस आहे.”

हे लिहावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. पण लपवण्याचा परिणाम आता पाहिला आहे.

ते गेल्यावर ती चौकशी करायला तुझ्या जुन्या बारवर गेली होती, तेव्हा तू निघून गेला होतास. मागच्या महिन्यात पुन्हा गेली, तर मालकाने माझं कात्रण भिंतीवर चिकटवलेलं. आणि बशीभोवती कोणीतरी लाल पेन्सिलीने गोल काढलेला. तिने त्यावरूनच मला शोधलं. घुम्या, ती मला शोधू शकली तर तो गोल काढणाराही शोधू शकतो. आमच्या कचेरीत परवा एक गृहस्थ ‘खटारा’ कोण लिहितं ते विचारून गेले. शिपायाने नाव सांगितलं नाही, पण किती दिवस सांगणार नाही? मी रात्री आईच्या खोलीत झोपते आता. पुढच्या भागात चतुर्भुजाला दुसऱ्या आकाशगंगेत बदली देऊन टाकली आहे. त्याने काय होणार, पण दुसरं काय करू?

तुझ्या पत्रातलं मी तिला सांगितलं, पण तिच्या वडिलांना जाळून झालंय. पुडी नाही, ग्लास नाही. तिच्याजवळ कसलाच पुरावा नाही. उरलास तू एकटा. ती म्हणते, तू बोललास तर पोलिसांच्या मोठ्या साहेबांपर्यंत जाता येईल, तिथे ठेकेदाराचं चालत नाही. तिला तुझा नवा पत्ता देऊ का? या वेळी विचारते आहे. तिच्या शाळेचा पत्ता या कागदामागे लिहिला आहे.

ताई


५ एप्रिल

ताई,

देऊ नकोस.

ठेकेदार समोर आला तर काय होईल ते मला ठाऊक आहे. मी पळेन, नाहीतर मरेन. ती समोर आली तर काय करू? तिचे वडील माझ्या भरवशावर तिथे बसायचे हे तू मला कशाला लिहिलंस? मी दोन दिवस जेवलो नाही.

तिला सांग, मी परदेशी गेलो. सांग, मेलो. गोष्टी लिहितेस ना, मग हेही लिही.

खाली एक माणूस दोनदा येऊन गेला. शिंपी म्हणतो, तो पँट उसवून घ्यायला आला होता. मी खिडकीला खिळे मारले आहेत.

घुम्या


११ एप्रिल

घुम्या,

पत्ता दिलेला नाही. तू मेलास असंही सांगितलं नाही. ते माझ्या तोंडून निघणार नाही आणि आई शेजारी बसली होती. “तो नाही म्हणतो,” एवढंच सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. चहाचा कप तसाच ठेवून उठली.

मला तुझा बचाव करावासा वाटला. मी म्हटलं, “अहो, तो घाबरला, हे खरं. पण शेवटी डॉक्टरला आणायला तोच धावला होता.”

ती दारातच थांबली. म्हणाली, “त्या रस्त्यावर एकच डॉक्टर आहेत. मी त्यांना भेटले आहे. त्या दिवशी त्यांना बोलवायला कोणीही आलं नव्हतं. मालकांनीच पुष्कळ उशिराने फोन केला.”

तू लहानपणी माझी दौत फोडलीस तेव्हाही माझ्याशी खोटं बोलला नव्हतास. गप्प बसला होतास, पण खोटं नव्हतं.

तू कुठे होतास, घुम्या?

ताई


२० एप्रिल

ताई,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण उत्तर तिला आधी द्यायचं होतं. तिच्या शाळेच्या पत्त्यावर मीच पत्र टाकलं. माझा पत्ता लिहिला. लिहून झाल्यावर तासभर टपालपेटीपाशी उभा होतो. शेवटी टाकलं आणि मग वाटलं, हात आत घालून परत काढावं.

परवा हॉटेलातला आचारी भेटला. म्हणाला, मला विचारत एक माणूस तळघरात आला होता. बशी मागितली त्याने. प्यायला काही नको म्हणाला, नुसती बशी दे. काउंटरवर ती पालथी ठेवून निघून गेला. म्हणजे ठेकेदाराला तो पत्ता लागला आहे. हाही लागेल. पळायचं तर आजच पळायला हवं होतं, आणि ती आज येणार होती. मी थांबलो. शौर्य बिर्य काही नाही, जायला दुसरी जागा नव्हती म्हणूनही असेल.

ती सकाळी दहाला आली. जिन्यावर मला आधी बूट दिसले नाहीत, आवाज आला. “मी आहे,” म्हणाली. जणू घरातलीच. चेहरा वडिलांसारखा आहे. एकच खुर्ची आहे ती तिला दिली, मी पलंगाच्या कडेवर बसलो. तिने बशीविषयी विचारलं नाही, पुडीविषयी नाही, ठेकेदाराविषयी नाही. ते सगळं तिला तू सांगितलंच आहेस. तिने विचारलं, “शेवटी बाबांजवळ कोण होतं?”

ताई, मी डॉक्टरकडे गेलो नव्हतो. त्यांना घाम फुटला, ते स्टुलावरून कलले, ठेकेदार उठून बाहेर गेला, मालक त्याच्या मागे गेले. बारमध्ये आम्ही दोघंच उरलो. आणि मी मागच्या खोलीत गेलो, जिथे रिकाम्या बाटल्यांचे क्रेट ठेवतात. आतून कडी लावली. क्रेटवर बसलो आणि कान दाबून धरले. पण हात दोनच असतात माणसाला, आणि ते थरथरत असले की नीट दाबले जात नाहीत. मला ऐकू येत होतं. ते मला नेहमी ‘राजे’ म्हणायचे. “राजे, जरा पाणी द्या.” मग थोड्या वेळाने, “राजे, पाणी.” मग नुसतं, “राजे.” नळ माझ्या हाताशी होता. त्या खोलीतच होता. मी उठलो नाही.

सगळं जसंच्या तसं तिला सांगितलं. वाटलं, आता ही उठेल, माझ्या तोंडावर थुंकेल आणि जाईल. जावं असंच वाटत होतं. तिने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाली, “तीनदा?”

“तीनदा,” मी म्हणालो.

“घरीसुद्धा तीनदाच हाक मारायचे. मी अभ्यासात असले, की उठायची नाही. चौथ्यांदा स्वतःच उठून घ्यायचे.” आणि मग ती रडायला लागली, आणि मीही. शिंपी वर येऊन डोकावून गेला.

तोंड धुऊन आल्यावर मी म्हणालो, साहेबांना पुडीचं सांगतो, आरशाचं सांगतो, मागच्या खोलीचं सांगितलं नाही तर चालेल का? ती म्हणाली, “नाही चालणार. एक गोष्ट दडवलीत की बाकीच्या सगळ्या तो ठेकेदार खोट्या ठरवेल. शिवाय मला ते तुमच्या तोंडून तिथे ऐकायचं आहे.” तिने मला माफ केलेलं नाही, ताई. तसं ती म्हणालीही नाही आणि मी विचारलंही नाही.

आम्ही आता निघतोय. दोन तासांचा रस्ता आहे. तिच्या शाळेतल्या एका शिक्षकांची गाडी खाली उभी आहे, तेही सोबत येतायत. हे पत्र वाटेत टाकतो. मला काही झालं तर सगळं तुझ्याजवळ लिहिलेलं असावं म्हणून इतकं सविस्तर लिहिलं, हे जाळू नकोस. आईला या वेळी बढतीचं सांगू नकोस, खरं सांग.

मला फार भीती वाटते आहे, ताई. ती खालून हाक मारते आहे, दुसऱ्यांदा. मी जातो.

घुम्या